मत बेकायदेशीर, मग बिल पास कसं?

प्रश्न: विधानसभेत हक्क नसलेल्या आमदाराने मत दिलं असा विरोधकांचा आरोप असेल, तर ते बिल रद्द होतं का हो?

उत्तर: नाही होत, आणि हे ऐकून बरेच जण चक्रावतात. घटनेचं कलम 189(2) म्हणतं की हक्क नसलेला माणूस सभागृहात बसला, मत दिलं हे नंतर उघड झालं तरी कामकाज वैधच, नाहीतर एकापायी बजेटपासून सगळंच लटकलं असतं ना. त्या माणसाला मात्र कलम 193 लागतं, शपथ न घेता किंवा आपण अपात्र आहोत हे माहीत असून मत दिलं तर दिवसाला 500 रुपये दंड, हसू येतं खरं! कोर्टात निव्वळ प्रोसिजर चुकली म्हणून कलम 212 मुळे दाद मिळत नाही, घटनाच मोडली असेल तर गोष्ट वेगळी.