ख्रिस्ती माणसाचं दहन केलं तर त्याच्या पुनरुत्थानाचं काय?

तुमच्या मैत्रिणीच्या काकांचं दहन झालं आणि तुम्हाला प्रश्न पडला: जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेल्यांनी शरीरासकट उठायचं, तर शरीर जाळून कसं चालेल? मी मुंबईचा कॅथलिक, जमेल तसं सांगतो.

ही शंका फार जुनी आहे. इ.स. १७७ मध्ये, आजच्या फ्रान्समधल्या लियाँ शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख ऱ्होन नदीत टाकली होती. जाळणाऱ्यांचा टोमणा असा: आता उठा बघू कसे उठता ते! पण ज्याने शून्यातून जग घडवलं त्याला राखेची काय अडचण?

आणि पुरलं तरी शरीर राहतं कुठे? मुंबईच्या दफनभूमीत जागा नाही. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं गोळा करून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्याच कबरीत पुढचा माणूस जातो. आमचे आजी-आजोबा अशा हातभर कोनाड्यात, एकाच संगमरवरी पाटीमागे मावलेत.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय १५) येशूचा प्रेषित पौल म्हणतो, पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते रोप. कुठल्या शरीराने उठणार, असं विचारणाऱ्याला तर तो सरळ निर्बुद्ध म्हणतो. तेव्हा अणुरेणू जपून ठेवायचा हा मामला नाही.

मग शरीराचा एवढा आग्रह का? कारण आत्मा सुटला, देहाचं काम संपलं, असं आमची श्रद्धा मानत नाही. (सांत्वनाला आलेले कितीतरी ख्रिस्तीही तसंच बोलतात, ते सोडा.) देहाशिवाय माणूस अपुरा. लूकच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रात) मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. योहानाच्या शुभवर्तमानात तो थोमा या शिष्याला क्रुसावरच्या जखमांच्या खुणा दाखवतो. मला या खुणा फार मोलाच्या वाटतात. शरीर मरणापलीकडचं झालं, पण भोगलेलं पुसलं गेलं नाही. म्हणून हा पुनर्जन्मही नव्हे. उठणार तो दुसरा कुणी होऊन नाही, तोच माणूस.

राहिला नियमांचा भाग. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला मुभा दिली, फक्त ते पुनरुत्थान नाकारण्यासाठी केलेलं नसावं. पसंती अजूनही दफनालाच. २०१६ च्या व्हॅटिकनच्या सूचनेप्रमाणे रक्षा नदी-समुद्रात सोडायची नाही आणि सहसा घरीही ठेवायची नाही, दफनभूमीसारख्या पवित्र जागीच ठेवायची. काका प्रोटेस्टंट असतील तर मात्र हे नियम त्यांना लागू नाहीत, त्यांच्या पाळकांनाच विचारा.