घर भाड्याने द्यायचंय, लँडलाइनचं काय करू?

प्रश्न : भाड्याने देण्यासाठी जुनं घर विकत घेत आहे. तिथे आधीच्या मालकाच्या नावावर लँडलाइन आहे. ती माझ्या नावावर करून घ्यावी का?

उत्तर : शक्यतो नको. तुमच्या नावावर जोडणी असली की भाडेकरूच्या कॉलचं बिल तुमच्याकडे येतं आणि थकलं तरी तगादा तुम्हालाच. मालकाला खरेदीखताआधी जोडणी बंद करायला सांगा. शेवटचं बिल भरल्याची पावती आणि बंद केल्याचं पत्र मागून घ्या. त्याआधी दोन गोष्टी बघा. ब्रॉडबँड किंवा चोरीचा अलार्म त्याच लाइनवर असेल, तर तोही बंद पडेल.

दुसरं, लाइन चालू असतानाच वायरिंग तपासा. तारेचा साधा फोन न्या (कॉर्डलेस नको, त्याला वेगळी वीज लागते). बाहेरून तार जिथे आत येते, त्या पहिल्या सॉकेटला तो लावा. इथे डायल टोन स्वच्छ आणि आतल्या खोलीत खरखर, म्हणजे दोष घरातल्या वायरिंगचा. बहुधा ओलीने गंजलेला जोड. सॉकेट उघडून उघड्या तारांना हात लावू नका. एरवी त्यांत सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो, पण रिंग वाजताना चांगला झटका बसतो. फायबर असेल तर फोन राउटरला लागतो, भिंतीतली जुनी सॉकेटं बहुतेक वेळा निर्जीवच असतात.

भाडेकरारात लिहा : जोडणी भाडेकरूने स्वतःच्या नावावर घ्यावी, घर सोडताना बंद करावी, भिंतीला नवी भोकं विचारून पाडावीत.