एकादशीचं ताट आणि फळ्यावरची वजनं

प्रश्न : आमच्या कॉलनीत बायकांचं ज्ञानेश्वरी वाचन मंडळ आहे. दर गुरुवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात जमतो. सहावा अध्याय वाचताना आहारावर बोलणं निघालं आणि चातुर्मासात सगळ्यांनी मिळून वजन कमी करायचं ठरलं. दर आठवड्याला वजन करून फळ्यावर लिहितो. पण एक मैत्रीण तेव्हापासून यायचीच बंद झाली. दुसरीला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, तरी एकादशीला ती कडकडीत उपास धरते. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, फळा आजच पुसा. वजन ज्याचं त्याने घरी करावं. आणि खरं तर काट्यापेक्षा टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजायचा. आपल्याकडच्या बायकांचा तो 80 सेंटिमीटरच्या वर गेला, तर वजन फारसं दिसत नसलं तरी मधुमेहाचा धोका वाढतो.

तुम्ही वाचताय त्याच अध्यायात माउली म्हणतात, ‘आहार तरी सेविजे । परी युक्तीचेनि मापें मविजे.’ त्याच्या थोडं आधी त्यांनी जिभेच्या आहारी गेलेल्याला योगाच्या वाटेवरून बाजूला केलंय, आणि हट्टाने भूक-तहान कोंडून धरणाऱ्यालाही. ही दुसरी बाजू मंडळात मोठ्याने वाचा. मधुमेहाच्या मैत्रिणीला माझ्या सल्ल्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

मी स्वतः एकादशी करते, त्यामुळे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे कसं घडतं ते स्वयंपाकघरातूनच ठाऊक आहे. कोरडा साबुदाणा 100 ग्रॅम घेतला तर त्यात 85 ग्रॅमच्या वर निव्वळ पिष्ट असतं, प्रथिनं नावापुरती. त्यात बटाटा, वर तूप, दुपारी वेफर्स, रात्री पुन्हा वडे. शेंगदाण्याचं कूट पौष्टिक खरं, पण त्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. वाटीभर कूट सहज पडतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. उपासाला चालणाऱ्या पदार्थांमधला राजगिरा मात्र खरोखर ताकदीचा, 100 ग्रॅममागे 13-14 ग्रॅम प्रथिनं. राजगिऱ्याची भाकरी, दह्यातलं लाल भोपळ्याचं भरीत, काकडीची कोशिंबीर, असं ताट एका एकादशीला मंडळातच मिळून करा. खिचडी हवीच असेल तर साबुदाणा निम्मा घ्या, बटाट्याऐवजी किसलेली काकडी किंवा भोपळा घाला. घरी एकटीने हे बदलायला गेलं की सासूबाई, नवरा, मुलं सगळे नाकं मुरडतात. पंधराजणींनी एकत्र केलं की तीच कॉलनीची रीत होते. मंडळाचं खरं बळ इथे आहे, म्हणून मला तुमचा बेत मनापासून आवडला. पोथीनंतर अर्धा तास सगळ्या मिळून चालायला निघालात तर अजून उत्तम.

आता मधुमेहाबद्दल, आणि हे टाळू नका. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर उपासात साखर एकदम खाली जाण्याची भीती कमी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर भीती खरी आहे. आषाढी येण्याआधीच तिने डॉक्टरांना ‘मी एकादशी धरते’ असं स्पष्ट सांगून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्यावा. मनाने गोळी बंद करायची नाही. निर्जळी तर नकोच. दरदरून घाम, हातापायांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर लगेच साखर तपासावी. 70 च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. साखर घेतल्याने व्रत मोडत नाही, हे मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंनी तिला आधीच सांगून ठेवावं. ऐनवेळी कोणी धजावत नाही.

न येणाऱ्या मैत्रिणीला फोनवर निरोप नको. दोघीजणी तिच्या घरी जा, फळा पुसल्याचं सांगा आणि पुढच्या गुरुवारचं वाचन तिच्याकडे द्या. वजनाचा विषय तिने काढल्याशिवाय काढू नका.