घरात नियम तीन, मूल एक

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, एकेक जेवण तासभर चालतं, भाजी दिसली की ताट ढकलतो. आजी वाटी घेऊन मागे पळतात, बाबा म्हणतात राहू दे उपाशी, आणि मी म्हणते चार घास खा मग चॉकलेट देते. नियम लावायचेत पण सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुमच्याकडे नियम नाहीत असं कुठंय, चांगले तीन आहेत, तिघांचे तीन, आणि कोणापुढे काय केलं की काय मिळतं हे त्याला बरोब्बर कळलेलं आहे. म्हणून आधी तो झोपल्यावर तुम्ही तिघं एकत्र बसा, त्याच्याशी नंतर बोलू.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक सोपी वाटणी करून दिलीय. काय वाढायचं, कधी आणि कुठे जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, खायचं की नाही हे मुलानं. यातला दुसरा भाग आपल्या काही केल्या पचनी पडत नाही. माझ्याही पडला नव्हता. माझी मुलगी शेवटचा घास गालात धरून घरभर फिरायची, एकदा रात्री दात घासायला उभी राहिली तर तो बेसिनमध्ये पडला, जसाच्या तसा, आणि मी इकडे ताट चाटूनपुसून झालं म्हणून खुश.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं, या वयात वर्षाला साधारण २ किलोच वाढतं, मग भूक पण तशीच असणार ना. एका जेवणाला चार घास आणि दुसऱ्याला मागून मागून, हे नॉर्मल आहे. एक ताट बघून टेन्शन घेऊ नका, आठवड्याचा हिशोब बघा.

आता वेळा. तीन जेवणं, मध्ये एक-दोनदा थोडं खाणं, आणि दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, त्या मधल्या वेळात फक्त पाणी. दूधसुद्धा नाही बरं का! दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास दूध त्याला पुरे, लिटरभर प्यायला तर पोट तिथंच भरतं आणि शरीरात लोह कमी पडायची भीती असते ती वेगळीच. जेवण २०-३० मिनिटं, मग ताट उचलायचं, न रागावता, आणि पुढचं खाणं ठरलेल्या वेळीच. दहा मिनिटांनी बिस्किटाचा डबा उघडला की सगळं मुसळ केरात. बाबा म्हणतात ते हे नाही हं, त्यांचं ‘उपाशी राहू दे’ ही शिक्षा झाली, इथे फक्त वेळ संपलीय.

मोबाईल बंद म्हणजे सगळ्यांचा बंद, बाबांचाही. डोळे स्क्रीनवर असले की पोट भरलंय हेही कळत नाही आणि तोंडात काय गेलं हेही नाही, मग भाजीची ओळख होणार कधी? पहिले काही दिवस जोरात रडेल, तेवढं सोसा.

चॉकलेटचा सौदा मात्र आजच बंद करा, त्यात भाजी ही शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस. गोड द्यायचं त्या दिवशी जेवणासोबतच छोटासा तुकडा वाढून टाका, अट न घालता. साधारण दोन ते सहा या वयात नवीन पदार्थाचा संशय येतोच, काही मुलांना तो १०-१५ वेळा समोर यावा लागतो. चमचाभर वाढा, बाजूला त्याच्या ओळखीचं काहीतरी असू द्या, आणि ‘बघ किती छान लागतं’ वगैरे कॉमेंट्री नको. त्यानं नुसता वास घेतला, बोट लावलं, तरी त्या दिवसापुरतं झालं.

वजन वाढत नसेल किंवा कमी होत असेल, गिळताना ठसका लागत असेल, आधी खायचा ते पदार्थही एकेक करून सुटत असतील तर मात्र नियमबियम राहू द्या, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

राहिल्या आजी. भरवू नका म्हटलं तर त्या दुखावतील, म्हणून त्यांना दुसरं काम द्या, नातवाच्या शेजारी बसून स्वतःचं ताट गरम असताना जेवायचं. इतके दिवस त्याच्यामागे पळण्यात त्या गार जेवत असणार.