चेनसॉच्या साखळीचा पिच कसा ओळखावा आणि बार (साखळी जिच्या कडेवरून फिरते ती लांब पट्टी) व स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) कसे जुळवावेत?
साखळीवरील सलग तीन रिव्हेट, म्हणजे कड्या जोडणाऱ्या पिना, घेऊन पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याचे निम्मे करावे, तोच पिच. हे पूर्ण अंतर सुमारे १६.५ मिलिमीटर भरल्यास पिच ०.३२५ इंच आणि १९ मिलिमीटर भरल्यास ३/८ इंच असतो. दोनच रिव्हेटांमधले अंतर धरू नये, कारण शेजारशेजारची अंतरे सारखी नसतात. इंजिनाकडचे स्प्रॉकेट आणि बारच्या टोकाचे चाक याच पिचचे असले पाहिजे, आणि साखळीचे जे दात बारच्या खाचेतून धावतात त्या ड्राइव्ह लिंकची जाडी, म्हणजे गेज, खाचेच्या रुंदीशी तंतोतंत जुळली पाहिजे. मात्र ३/८ आणि ३/८ लो-प्रोफाइल (कमी उंचीची) या साखळ्या मोजपट्टीने वेगळ्या ओळखता येत नाहीत व एकीचे स्प्रॉकेट दुसरीला वापरू नये. तेथे बारवर कोरलेली मापे आणि यंत्राची माहितीपुस्तिका पाहूनच साखळी घ्यावी.