ऑस्टिन पॉवर्सची डीव्हीडी घ्यावी की ब्लू-रे? विनोदी पिक्चरची डिस्क चांगली की वाईट, हे कशावरून ठरवायचं?

प्रश्न: मी नागपूरचाच. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या डिस्क विकणाऱ्याकडे ऑस्टिन पॉवर्सच्या, म्हणजे बाँडपटांची टिंगल करणाऱ्या माइक मायर्सच्या विनोदी मालिकेच्या, तिन्ही भागांच्या डीव्हीडी आहेत, स्वस्तात देतो म्हणतो. ऑनलाइन विदेशी ब्लू-रे दिसतोय, पण महाग आहे. परीक्षणांत सगळे पिक्चर क्वालिटी आणि साउंड क्वालिटी एवढंच बोलतात. कॉमेडीच्या डिस्कमध्ये नेमकं काय बघायचं? उन्हाळ्याच्या सुट्टीत घरच्यांसोबत बघायचा विचार आहे.

उत्तर:

भाऊ, आधी सरळ सांगतो. खिशाला झेपत असेल तर ब्लू-रे घ्या. बर्डीवाल्या डीव्हीडीच घ्यायच्या असतील तर दुकानात उभ्या उभ्या काही गोष्टी तपासा आणि मगच पैसे काढा.

परीक्षणांबद्दलची तुमची तक्रार अगदी रास्त आहे. चित्र किती स्वच्छ आणि आवाज किती घुमतो, हे मोजमाप मारधाडीच्या पिक्चरला चालून जातं. विनोदी पिक्चरच्या डिस्ककडून मला एकच हवं असतं. दिग्दर्शकाने जोक जिथे ठेवला, जेवढा वेळ ठेवला, पडद्याच्या ज्या कोपऱ्यात ठेवला, तिथे तो मला सापडला पाहिजे. चित्र थोडं मऊ असलं तरी हसू येतं हो. कडा कापल्या की जोकच पडद्याबाहेर जातो, मग बाकीचं कितीही चकाचक असून उपयोग काय?

आणि ही मालिका मोठी झाली तीच मुळात घरच्या व्हिडिओमुळे. पहिला भाग १९९७ चा. अमेरिकेतल्या थिएटरांत त्याने साधारण ५.४ कोटी डॉलर कमावले, म्हणजे बरा चालला, पण कुणी डोक्यावर घेतला नाही. नंतर कॅसेट आणि डीव्हीडीवर तो घरोघर पोचला. १९९९ मध्ये दुसरा भाग लागला तेव्हा पहिल्याची सगळी अमेरिकन कमाई त्याने पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारीच ओलांडली. सोफ्यावर लोळून, मागे घेऊन पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांचा हा पिक्चर आहे, त्यामुळे डिस्कची चिकित्सा करणं अगदीच रिकामपणाचं नाही.

आता वेग. पहिल्या भागात एक पहारेकरी आहे. ऑस्टिन रोडरोलर घेऊन त्याच्या अंगावर येतोय आणि तो हात पुढे करून जिवाच्या आकांताने ओरडतोय. मग लांबून दिसतं की रोलर अजून हॉलच्या पार पलीकडच्या टोकाला आहे आणि रांगत रांगत येतोय. हा माणूस बाजूला होऊ शकतो, खाली जाऊन चहा पिऊन परत येऊ शकतो. पण नाही, जागचा हलत नाही, ओरडतच राहतो. हा सगळा जोक लांबीचा आहे. अरुंद बोळात गाडी वळवायचा प्रसंगही तसाच, मागे-पुढे, मागे-पुढे, आणि गाडी दोन्ही भिंतींमध्ये अडकलेली. खलनायक डॉक्टर ईव्हिलचं ते हसणंही तसंच. थांबायला हवं तिथे ते थांबत नाही, आणि शेवटी सगळे कसनुसे होऊन एकमेकांची तोंडं बघतात.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडी पाल (PAL) या टीव्ही पद्धतीच्या, त्यांना सेकंदाला २५ लागतात. सोपा उपाय म्हणून अख्खा पिक्चर जरा पळवतात, साधारण ४ टक्के. ९५ मिनिटांचा पिक्चर ९१ मिनिटांत उरकतो. आता दहा सेकंदांचं ओरडणं ९.६ सेकंदांचं झालं म्हणून जोक मरतो का? नाही मरत. यावरून नेटवर गळे काढणारे जरा अतीच करतात. खरा फरक पडतो तो आवाजात. पिक्चर पळवला की स्वर चढतो. पेटीवर पांढरी एकवरून काळी एकला जायला थोडंसंच कमी पडेल, एवढा चढतो. पिक्चरच्या सुरुवातीला क्विन्सी जोन्सची १९६२ ची 'सोल बोसा नोवा' वाजते. ती मूळ पट्टीत कानात बसलेली असेल तर पाल डीव्हीडीवर बँडवाल्यांना घरी जायची घाई झालीय असं वाटतं. करंगळी ओठाशी नेऊन बोलणाऱ्या डॉक्टर ईव्हिलचा आवाजही पातळ होतो. काही डिस्कवर हा चढलेला स्वर मुद्दाम खाली आणलेला असतो, पण ते कव्हरवर लिहिलेलं नसतं, ऐकूनच कळतं. ब्लू-रेवर २४ च्या २४ फ्रेम, त्यामुळे ही भानगडच नाही.

या पळवापळवीवरून एक कामाची युक्ती सांगतो. कव्हरवर मिनिटं कमी दिसली की लोक लगेच सेन्सॉरच्या नावाने बोटं मोडतात. आधी मूळ मिनिटांना २४ ने गुणा, २५ ने भागा. उत्तर कव्हरशी जुळलं तर काही कापलेलं नाही, फक्त पळवलंय. त्याहूनही दोन-तीन मिनिटं कमी भरली तर मात्र कात्री चालली असणार. भारतात विकायच्या डिस्कलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं आणि या पिक्चरचे निम्मे जोक कमरेखालचे आहेत. नुसती शिवी म्यूट केली असेल तर ती या हिशेबात सापडणार नाही.

त्या रोलरखालच्या पहारेकऱ्याची गोष्ट तिथेच संपत नाही. तो मेल्याची बातमी त्याच्या घरी पोचते असाही प्रसंग चित्रित झाला होता. अमेरिकेतल्या थिएटरच्या प्रतीत तो नव्हता, परदेशात गेलेल्या प्रतींत होता. दुसऱ्या एका पंटरच्या मित्रांनाही असाच निरोप जातो. माझ्या मते सगळ्या मालिकेतला सर्वांत हुशार विनोद हाच. बाँडपटांत खलनायकाची माणसं किडामुंगीसारखी मरतात, त्यांना बायको असते, मित्र असतात हे कुणाच्या मनात येत नाही. इथे ते येतं. म्हणून पहिल्या भागाची डिस्क घेताना हे प्रसंग त्यात आहेत का ते बघाच, मग पिक्चरमध्येच असोत की वगळलेल्या दृश्यांत. बाकी पुरवण्या, ट्रेलर, फोटो वगैरे मी कधी मोजत नाही. माइक मायर्स आणि दिग्दर्शक जे रोच यांची कॉमेंटरी, म्हणजे पिक्चर चालू असताना त्यांनी केलेली चर्चा, असलेली आवृत्ती मिळाली तर घ्या, पण पिक्चर दोनदा झाल्यावर ऐका. जोक कसा केला हे ऐकत पहिल्यांदा बघायचं म्हणजे शिक्षाच.

चौकटीचा मुद्दा याहून सोपा. कव्हरवर 'फुल स्क्रीन' लिहिलं असेल तर डिस्क तिथेच ठेवून द्या. २.३५:१ चं रुंद चित्र जुन्या टीव्हीच्या ४:३ मध्ये बाजू कापून बसवायचं म्हणजे जवळजवळ ४३ टक्के चित्र जातं. आता दुसऱ्या भागाची सुरुवात घ्या. ऑस्टिन हॉटेलभर उघडाबोडका हिंडतो आणि दर वेळी नेमक्या जागी कसली तरी वस्तू किंवा श्रेयनामावलीची अक्षरं आड येतात. सगळी गंमत इंचाइंचाच्या मापाची आहे. कडा हलल्या की माप चुकलं. १९८४ च्या 'टॉप सीक्रेट' मध्ये एका जर्मन अधिकाऱ्याच्या टेबलावरचा फोन प्रचंड दिसतो. आपल्याला वाटतं, कॅमेऱ्याच्या जवळ आहे म्हणून. तो उचलायला हात येतो तेव्हा कळतं की फोन खरंच तेवढा आहे. गुप्तहेरांची टिंगल करणाऱ्या पिक्चरमध्ये असे जोक कडेला, मागे, पुढे पेरलेले असतात. सीडीच्या जमान्यात ते निम्मे दिसायचेच नाहीत, ३५२ बाय २८८ चं चित्र, त्यात ऐन रंगात पिक्चर थांबायचा आणि घरातलं कुणीतरी उठून दुसरी सीडी टाकायचं.

सबटायटल्सकडे मात्र परीक्षणं लिहिणारे ढुंकूनही बघत नाहीत, आणि तिसऱ्या भागात, म्हणजे २००२ च्या 'गोल्डमेंबर' मध्ये, तीच सर्वांत मोठी परीक्षा आहे. रोबोटो नावाचा जपानी उद्योगपती जपानीत बोलतो, खाली पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी उमटतं. मागे पांढऱ्या वस्तू आहेत, त्यांत काही अक्षरं गडप होतात आणि उरलेल्या अक्षरांतून भलताच अचकट अर्थ निघतो. ऑस्टिन ते वाचून हादरतो. वस्तू सरकवल्यावर पूर्ण वाक्य दिसतं, ते अगदी साधं असतं. ही अक्षरं चित्राचाच भाग असायला हवीत. त्यांना काळी कड असेल, किंवा ती पिवळी असतील, किंवा खालच्या काळ्या पट्टीत गेली असतील, तर तो प्रसंग पाण्यात गेला. तपासणं सोपं आहे. तो प्रसंग लावा, रिमोटने सबटायटल्स बंद करा. पांढरी अक्षरं तरीही दिसत राहिली तर डिस्क पास. ऑस्टिन आणि मायकेल केनने केलेला त्याचा बाप इंग्रजीतच बोलतात आणि तरी खाली इंग्रजी अक्षरं येतात, तिथेही हेच लागू.

एरवी सबटायटल्स बंद ठेवा असंच मी सांगतो. संवाद तोंडातून निघायच्या आधी वाक्याचं शेपूट वाचून होतं आणि हसायची जागा निसटते. पण तुम्ही बघणार उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे पारा ४५ ला टेकलेला आणि हॉलच्या खिडकीत कूलर बोंबलत असणार. त्या आवाजात डॉक्टर ईव्हिल काय पुटपुटला ते ऐकू येणं मुश्कील, आणि कूलर बंद करा म्हणायची कुणाची हिंमत आहे राजेहो? अशा वेळी डिस्कच्या मेनूत जाऊन ५.१ (म्हणजे सहा स्पीकरांच्या) ट्रॅकऐवजी साधा स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो लावा. ५.१ मध्ये बहुतेक संवाद मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. टीव्हीच्या दोनच स्पीकरवर ते संगीताखाली दबतात. तेवढ्याने भागत नसेल तर सबटायटल्स चालू करा, त्याला इलाज नाही.

जुन्या डिस्कची तब्येत बघायची रीत अशी. खालची बाजू जांभळी-निळसर दिसली तर ती घरी बर्न केलेली, विषय संपला. चंदेरी किंवा सोनेरी झाक असेल तर कारखान्यात छापलेली. माळ्यावर दोन-चार नागपुरी उन्हाळे काढलेली डिस्क वाकलेली असू शकते, सपाट काचेवर ठेवून बघा. दुकानदाराकडे प्लेअर असेल तर सुरुवात लावून समाधान मानू नका, पिक्चरचा मधला भाग लावायला सांगा. दोन थरांच्या डीव्हीडीत पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. त्यामुळे हाताळून खराब झालेली बाहेरची कड नेमकी मध्यंतराच्या आसपास येते. एका थराची असेल तर ती कड शेवटाकडे येते, म्हणून शेवटही बघा. थर बदलताना चित्र क्षणभर थबकतं, तो डिस्कचा आजार नाही. फक्त ते ऐन जोकच्या मध्ये आलं तर डिस्क बनवणाऱ्याला दोन शब्द सुनवावेत.

घरच्यांचं म्हणाल, तर 'घरचे' म्हणजे कोण ते तुम्ही बघा. दुसऱ्या भागाचं तर नावच आत्याबाईंसमोर मोठ्याने वाचता येणार नाही. सिंगापूरमध्येही त्यातला शब्द बदलायची वेळ आली होती. बाबांसोबत बघणार असाल तर पहिला भाग लावा. मायर्सच्या वडिलांनीच त्याला बाँड आणि विनोदी नट पीटर सेलर्सची गोडी लावली होती. वडील गेल्यावर त्यांच्या त्या आवडीतून हे पात्र सुचलं, असं त्याने स्वतः सांगितलंय. साठच्या दशकातले बाँडपट बाबांनी थिएटरात बघितले असतील तर ते तुमच्यापेक्षा जास्त हसतील.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या भागाचा ब्लू-रे मागवला असता, तिसऱ्याची डीव्हीडी रोबोटोच्या परीक्षेत पास झाली तरच बर्डीवरून उचलली असती, आणि दुसरा कुठे स्ट्रीमिंगवर सापडला तर तिथेच बघून घेतला असता. विदेशी ब्लू-रे मागवताना रिजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल, तेवढा बघा. भारत सी मध्ये येतो, अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये. बऱ्याच डिस्क सगळीकडे चालतात, पण विकणाऱ्याला आधी विचारलेलं बरं, कारण ब्लू-रे प्लेअरचं कुलूप जुन्या डीव्हीडी प्लेअरसारखं रिमोटवर आकडे दाबून सहसा उघडत नाही.