जुन्या अमेरिकन रेल्वेच्या चित्रफिती कुठे पाहाव्यात, आणि त्यातल्या अस्सल कोणत्या हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न विचारताना तुम्ही एका रंगीत क्लिपचा उल्लेख केलाय, जिच्यावर '१८६९ सालचं मूळ चित्रीकरण, सोन्याचा खिळा ठोकताना' असं लिहिलंय. ती मूळ असणं शक्यच नाही. १० मे १८६९ ला युटामधल्या प्रोमोंटरी समिटला सेंट्रल पॅसिफिक आणि युनियन पॅसिफिक या दोन रेल्वे कंपन्यांनी पश्चिमेकडून आणि पूर्वेकडून टाकत आणलेले रूळ जुळले आणि सोहळ्यात तो सोन्याचा खिळा ठोकला, तेव्हा सिनेमाचा कॅमेरा अजून जन्माला यायचा होता. त्या दिवसाचे स्थिर फोटो आहेत, बस. समोरासमोर उभी असलेली जुपिटर आणि ११९ नंबर ही इंजिनंसुद्धा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भंगारात गेली. आज तिथे धावताना दिसतात त्या १९७९ साली बांधलेल्या प्रतिकृती आहेत.

मग तुमच्या क्लिपमधलं ते काय? बहुतेक एखाद्या रेल्वे जत्रेतलं नाटक. अमेरिकन रेल्वे कंपन्यांना आपला इतिहास स्टेजवर आणायची भारी हौस होती. १९२७ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने शंभरीनिमित्त मोठी जत्रा भरवली. न्यूयॉर्कच्या १९३९ च्या जागतिक प्रदर्शनात आणि १९४८-४९ च्या शिकागो रेलरोड फेअरमध्ये खरी इंजिनं स्टेजवर आणून इतिहासाचे प्रवेश व्हायचे. वॉल्ट डिस्नेसुद्धा १९४८ मध्ये शिकागोला ही जत्रा बघायला गेले होते. घरगुती कॅमेरा घेऊन आलेल्या प्रेक्षकांनी तिथे भरपूर रंगीत फिल्म काढली. तिचे तुकडे आज भलत्याच सालांची लेबलं लावून फिरतात. १८३० सालचं 'टॉम थंब' धावताना दिसलं, तर तेही १९२७ च्या जत्रेसाठी बांधलेलं नवं इंजिन.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी असा असतो की कॅमेरा कोणाच्या हातात होता? साल, इंजिनाचा वर्ग वगैरे नंतर.

सर्वात जुना हात सिनेमा कंपन्यांचा. १८९६ मध्ये एडिसन कंपनीने पेनसिल्व्हेनियात लेहाय व्हॅली रेलरोडची 'ब्लॅक डायमंड एक्स्प्रेस' टिपली. रुळांवर काम करणारी गँग बाजूला होते, गाडी अंगावर येते, प्रवासी रुमाल हलवतात आणि संपलं. एक मिनिटसुद्धा नाही. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी बायोग्राफ कंपनीने न्यूयॉर्क सेंट्रलची 'एम्पायर स्टेट एक्स्प्रेस' टिपली. दोन्ही रेल्वे कंपन्यांच्या नामांकित गाड्या होत्या, म्हणजे हे एका परीने जाहिरातपटच. तेव्हा रुमाल हलवणारे उत्स्फूर्त आहेत असं समजायचं कारण नाही!

मला स्वतःला याच काळातल्या 'फँटम राइड' जास्त आवडतात. कॅमेरामनला इंजिनाच्या पुढे बसवायचं आणि गाडी सोडायची. प्रेक्षकाला इंजिन दिसतच नाही, फक्त अंगावर येणारे रूळ. १८९७ चं 'हॅवरस्ट्रॉ टनेल' यातलं गाजलेलं. कॅन्सस सिटीच्या अग्निशमन दलाचे प्रमुख राहिलेले जॉर्ज हेल यांनी तर १९०५ च्या सुमारास डब्यासारखी छोटी थिएटरं काढली. डबा डुलायचा, चाकांचा खडखडाट यायचा आणि समोरच्या पडद्यावर असल्या फिल्मा चालायच्या. त्याच वर्षी बिली बिट्झर या कॅमेरामनने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चौदाव्या रस्त्यापासून बेचाळिसाव्यापर्यंतचा प्रवास टिपला. ती रेल्वे सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भुयारात उजेड कुठला? शेजारच्या रुळावरून दिव्यांनी भरलेला एक डबा सोबत चालवला होता. नीट बघितलं तर प्रकाश बाजूने येतोय आणि खांबांच्या सावल्या सरकतायत, हे दिसतं.

या फिती टिकल्या त्याचं कारण कायद्याच्या एका गमतीत आहे. १९१२ पर्यंत अमेरिकेत चलच्चित्राला स्वतंत्र कॉपीराइट नव्हता, फोटोला होता. म्हणून कंपन्या अख्खी फिल्म फ्रेमवार कागदाच्या लांब पट्टीवर छापून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये फोटो म्हणून जमा करायच्या. सहज पेट घेणाऱ्या नायट्रेटच्या मूळ फिल्मा कितीतरी जळाल्या, कुजल्या, पण कागद राहिला. पुढे त्याच कागदावरून परत फिल्मा तयार केल्या. असे सुमारे तीन हजार चित्रपट आहेत, आणि त्यातले बरेच लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

दुसरा हात रेल्वे कंपन्यांच्या प्रसिद्धी विभागाचा, मुख्यतः १९३० ते १९६० मधला. चित्रण उत्तम, निवेदकाचा आवाज खर्जातला आणि सगळं कसं छान! पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यात काळे पोर्टर हसतमुखाने ट्रे घेऊन येतात. त्यांच्या संघटनेने १९२५ पासून लढून १९३७ मध्ये कंपनीशी करार करून घेतला, हे त्या निवेदकाच्या तोंडून कधी ऐकू येणार नाही. तरीही या फिल्मा टाकाऊ नाहीत. शेडमध्ये इंजिन कसं धुतात, राख कशी काढतात, मार्शलिंग यार्डात, म्हणजे मालगाड्या जुळवायच्या जागी, वाघिणी उतारावरून कशा सोडतात, हे इतक्या जवळून दुसऱ्या कोणाला टिपताच आलं नसतं. युनियन पॅसिफिकची 'लास्ट ऑफ द जायंट्स' अवश्य बघा. त्यात 'बिग बॉय' हे वाफेचं इंजिन आहे, टेंडरसकट (म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट) ४० मीटर लांब, पाचशे टनांच्या वर. अशी २५ इंजिनं अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने, म्हणजे अल्कोने, १९४१ ते १९४४ दरम्यान बांधली. (हीच ती अल्को, जिच्याकडून १९६२ मध्ये आपल्याकडे डब्ल्यूडीएम-२ डिझेल आलं. त्या इंजिनाचा आवाज ऐकत आपली एक पिढी वाढली.) यातलं ४०१४ नंबरचं इंजिन २०१९ मध्ये दुरुस्त होऊन परत धावू लागलं, त्यामुळे नव्या क्लिपांचा पूर आलाय. पण आता ते तेलावर चालतं. जुन्या फिल्ममध्ये कोळशावर चालणारं इंजिन दिसतं, आणि धुरातला फरक कळतो.

तिसरा हात हौशी लोकांचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. कोडॅकची १६ मिलिमीटर फिल्म १९२३ मध्ये आली आणि १९३५ मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म. ही फिल्म नायट्रेटसारखी पेटत नव्हती, अंधारात ठेवली तर कोडाक्रोमचे रंगही टिकले. शंभर फुटांच्या रोलमध्ये जेमतेम चार मिनिटं मावायची, शिवाय कॅमेरा किल्लीवर चालायचा. त्यामुळे इंजिन जवळ आलं की सुरू, पुढे गेलं की बंद. डबे कोणी टिपतच नाही, याचा मला अजून राग येतो. पण याच लोकांमुळे आज न्यूयॉर्क सेंट्रलचं 'हडसन' हे वाफेचं इंजिन धावताना दिसतं. सुमारे पावणेतीनशे बांधली होती, संग्रहालयात ठेवायलाही एक शिल्लक नाही. पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या टी-१ चंही तेच, ५२ च्या ५२ भंगारात. ही इंजिनं आता फक्त फिल्मवरच चालतात.

आता आवाज. हौशी फिल्मा मुक्या होत्या. पुढे व्हिडिओ कॅसेट विकणाऱ्यांनी त्यावर कुठलाही भकभकाट चिकटवला. तपासायची युक्ती सोपी आहे. दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात. चाकं फिरवणाऱ्या दांड्याकडे, म्हणजे रॉडकडे, बघत मोजा, नाही जुळले तर आवाज उसना आहे. खरा आवाज हवा असेल तर फॉक्स मूव्हीटोनच्या बातमीपटांचा संग्रह साउथ कॅरोलिना विद्यापीठाकडे आहे. तिथले न वापरलेले कच्चे तुकडे खास ऐका, त्यात निवेदक मध्ये बोलत नाही. ओ. विन्स्टन लिंक हे रात्रीच्या फोटोंसाठी प्रसिद्ध, पण १९५५ ते ६० दरम्यान नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनांचे आवाजही त्यांनी ध्वनिमुद्रित केले होते.

वेगावरही विश्वास ठेवू नका. सेकंदाला १६ फ्रेमनी टिपलेली फिल्म २४ ने चालवली की ६० ची गाडी ९० ने पळते. माणसं तुरुतुरु चालताना दिसली की ओळखायचं. योग्य वेगाने चालवलेली प्रत असेल तर हडसनसारख्या इंजिनाच्या फेऱ्या मोजून वेग काढता येतो. मोठ्या चाकाचा व्यास साधारण दोन मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सव्वासहा मीटरच्या आसपास. सेकंदाला चार फेरे झाले की ताशी ९० किलोमीटर.

आणि ते '४के, ६० फ्रेम, एआयने रंगवलेले' व्हिडिओ कृपया पुरावा म्हणून वापरू नका. मधल्या फ्रेम यंत्राने रचलेल्या असतात. वेगात फिरणाऱ्या चाकाचे आरे आणि रॉड थांबवून बघा, मेणासारखे वितळलेले दिसतील. रंगही अंदाजपंचे.

सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कागदी संग्रहातली १९०५ ची भुयारी रेल्वे आधी पाहा. मग इंटरनेट आर्काइव्हवर प्रेलिंगर संग्रहात 'रेलरोड' टाकून शोधा. कंपन्यांचे प्रसिद्धीपट तिथे पुष्कळ आहेत आणि बरेचसे उतरवूनही घेता येतात. तिसरी, १९३९ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनातल्या पेनसिल्व्हेनियाच्या एस-१ इंजिनाची कुठलीही हौशी फिल्म मिळवा. ते राक्षसी इंजिन रोलरवर उभं करून चाकं ताशी ६० मैलांच्या वेगाने फिरवत ठेवली होती. इंजिन जागचं हलत नाही, त्यामुळे चाकं आणि रॉड यांची चाल निवांत बघता येते. वरची ठोके मोजायची युक्ती वापरण्याआधी तिथे नजर बसवून घ्या.